एकोणपन्नास तास

बारामती
९ मार्च २०२५

प्रिय दानिश,

तुझा फोन तू उचलत नाहीस. परवा नसरीनने उचलला. ती म्हणाली, स्क्रीनकडे पाहिलं की भाईजानचं डोकं ठणकतं, म्हणून मोबाईल माझ्याकडेच असतो. म्हणून हे कागदावर. मराठीत पत्र मी दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. पळसदेवला पोस्टमन रोज येतो की नाही, तेही माहीत नाही.

हात कसा आहे? फिजिओथेरपी सोडू नकोस. खांद्यातून ताणल्या गेलेल्या नसा हळूहळू भरून येतात, वर्ष लागतं, कधी दीडही. तू सेकंड इयरला परत येशील तेव्हा मी पास होऊन गेलेलो असेन, पण तुझी जागा राहील याची काळजी मी घेईन.

आपल्या भूल विभागात सगळं तसंच आहे. आपण पाच रेसिडेंट होतो, आता चार आहोत आणि टेबलं तीन. गेल्या आठवड्यात एका दिवसात अकरा सिझर झाले. तुझी आठवण निघते. ऑर्थोचे सर म्हणाले, तो पळसदेवचा पोरगा पाठीत सुई एका फटक्यात घालायचा.

नसरीनने मला एक विचारलं. वॉर्डात शुद्धीवर आल्यावर तूही तेच विचारलं होतंस. पुन्हा एकदा लिहितो, म्हणजे मनात राहणार नाही. शनिवारी, अठरा जानेवारीला, रात्री आठ वाजता मी तुला सोडलं. ड्युटी रजिस्टरमध्ये तशी नोंद आहे. तिथून पुढे रविवारी सकाळी मदनवाडीजवळ अपघात होईपर्यंत तू कुठे होतास, ते मला सांगता येणार नाही. डोक्याला मार लागला की आधीचे दोनतीन दिवस पुसले जातात, हे तुला मी काय सांगायचं. आठवायचा प्रयत्न करून डोकं शिणवू नकोस.

अब्बांना आणि अम्मीला नमस्कार सांग.

तुझा,
विजयसिंह


बारामती
१ एप्रिल २०२५

प्रिय दानिश,

काल ईद होती. फोन केला होता. नसरीन म्हणाली, तो झोपलाय. मागून तुझा आवाज मला ऐकू आला. असो.

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. तुझा राग असेल. तू पहिल्या वर्षाला आलास तेव्हा मी तुला फार राबवून घेतलं, हे मला कळतं. फाईल फेकली होती. एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं की मासे धरायचे सोडून इकडे कशाला आलास. ते बोलायला नको होतं. पण माझ्या पहिल्या वर्षी माझ्या सीनियरने मला चार दिवस खोलीवर जाऊ दिलं नव्हतं. पायांना सूज आली होती, बूट कापून काढावे लागले. आम्ही ते सोसलं आणि पुढच्याला तसंच शिकवलं. भूल देणाऱ्याला झोप येऊन चालत नाही, हे अंगात मुरावं लागतं, असं आम्हाला सांगितलं होतं. मला ते खरं वाटत होतं.

जानेवारीत कामाचा ताण जास्त होता, हे मात्र मान्य करतो. तू दमलेला होतास. शनिवारी तू निघालास तेव्हाही दमलेलाच असशील.

माझं सांगायचं तर मी नीट नाही. आंघोळ करताना नळाच्या आवाजात मॉनिटरचा आवाज ऐकू येतो, आणि ऑक्सिजन उतरायला लागल्यावर तो जसा खाली खाली जातो तसा जातो. नळ बंद करून पाहतो. काही नसतं. गेल्या रविवारी भवानीनगरला घरी गेलो. मोटरसायकलला हात लावला नाही, एसटीने गेलो. आईने वाढलं आणि ती रानात जाऊन आली, तरी मी तसाच बसलेलो.

"असा कसा रं बसलास, ताट पुढं घिऊन?" ती म्हणाली.

मी म्हणालो, परीक्षा जवळ आलीय. वडील कारखान्याच्या सभेला निघाले होते. दारातूनच म्हणाले, "डॉक्टर व्हयाचं म्हंजी काय सोपं हाय व्हय?" आणि त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. घरात मी पहिला डॉक्टर. तूही तुझ्या घरात पहिलाच.

दोन ओळी तरी लिही. उजवा हात चांगला आहे ना.

विजयसिंह


बारामती
२४ एप्रिल २०२५

दानिश,

तुझे अब्बा आज इथे येऊन गेले. तुला सांगून आले असतील असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

सकाळी अकराच्या सुमाराला ते ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसले होते. भिगवणला मासळी उतरवून तसेच आलेले. मी दोन केसच्या मध्ये पाणी प्यायला बाहेर आलो तर उठून उभे राहिले. मी बसा म्हणालो, तरी बसले नाहीत.

"डॉक्टरसायब, मी लई शिकलेला न्हाय," ते म्हणाले. "एकच इचारतो. शनवारी रातच्याला माझा पोरगा हितं व्हता का न्हवता?"

मी म्हणालो, "नव्हता, चाचा. आठलाच गेला."

"मंग कुठं गेला?"

"ते मला माहीत नाही."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात सांगू लागले. नसरीनची मंगनी दुपारी बाराला होती. दानिश शनिवारी रात्रीच यायचा होता. तो आला नाही तर अम्मी सगळ्यांना सांगत राहिली, ड्युटी आहे, येतोय. आणि मग पोलिसांकडून कळलं, हॉस्पिटल म्हणतंय ड्युटी आदल्या रात्रीच संपली होती. पाहुण्यांनी ऐकून घेतलं. पण एकमेकांकडे पाहिलं.

"लोकं काय काय बोलत्यात. कुणी म्हणतं पिऊन पडला आसंल, कुणी म्हणतं बाई हाय बारामतीत. मी त्याला दवाखान्यात इचारलं, घरी इचारलं. आठवत न्हाय म्हणतो. मला वाटतं, आठवतंय त्याला, सांगत न्हाय. तवापास्नं मी त्याच्याशी बोलल्यालो न्हाय. एका घरात ऱ्हातो, पर त्याच्याकडं बघत न्हाय."

मी म्हणालो, "चाचा, डोक्याच्या मारामुळं खरंच विसरायला होतं."

"ते झालंच. पर गेला कुठं व्हता, ते तर ऱ्हातंच की."

मी म्हणालो, मला आत बोलावतायत. मला कुणीही बोलावलेलं नव्हतं. आत जाऊन मी औषधांच्या ट्रॉलीपाशी उभा राहिलो आणि सिरिंजांवर चिकटवलेली नावं वाचत राहिलो.

झुंबरमावशी फरशी पुसत होती. थिएटरचं दार अर्धं उघडं होतं, तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"डॉक्टर, त्या रातच्याला म्या बी हितंच व्हते. पहाटं त्या पोराला च्या दिला म्या. कप हातात धरूनच डुलक्या खात व्हता. सगळा च्या पँटीवर सांडला, तरी जाग न्हाय."

मी एक सिरिंज उचलून परत ठेवली.

"तुमी सांगताय का म्या सांगू? म्या सांगितलं तर मला कामावरनं काढत्याल. तुमाला कोण काढतंय?"

ती बादली उचलून गेली. मला आता यापुढे काय लिहायचं ते सुचत नाही. सुचतं, पण हात चालत नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

विजयसिंह


भवानीनगर
६ मे २०२५

दानिश,

हे पत्र नसरीनकडून वाचून घेऊ नकोस. डोकं दुखलं तर थांबत थांबत वाच, पण स्वतः वाच.

शनिवारी रात्री तू ड्युटीवर होतास. तू कुठेही गेला नव्हतास. शुक्रवारी सकाळी आठला तू थिएटरमध्ये शिरलास आणि रविवारी सकाळी नऊला बाहेर पडलास. एकोणपन्नास तास. मधे तू वीस मिनिटं स्ट्रेचरवर आडवा झाला होतास, तेवढंच.

तुला सोडवायचं मी होतो. शनिवारी रात्री आठ वाजता. सात वाजता मी तुला खोलीवरून फोन केला की दोन तास थांब, मी जरा झोप काढून येतो. तू म्हणालास, "सर, उद्या नसरीनची मंगनी आहे. आज रात्रीच घरी जायचंय." मी म्हणालो, "मंगनी दुपारी आहे ना? मग?" तू "बरं सर" म्हणालास. पहिल्या वर्षाच्या पोराला दुसरं काही म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं.

नऊ वीसला तुझा पहिला फोन आला. तेव्हा मी जागा होतो. तुझं नाव पाहिलं, आवाज बंद केला आणि मोबाईल उलटा ठेवला. मग झोपलो. तू अकरा वेळा फोन केलास. शेवटचा चार पन्नासला. माझ्याही डोळ्यांत चार दिवसांची झोप होती, पण ते कारण म्हणून लिहीत नाही. कारण सकाळी सात वाजता मी उठलो होतो. अकरा मिस्ड कॉल पाहिले आणि मनात म्हणालो, रात्र तर निघाली त्याची, आता काय घाई आहे. दाढी केली. मेसमध्ये पोहे खाल्ले. नऊला आलो.

तू सिझरच्या टेबलाशी डोक्याकडच्या बाजूला उभा होतास. बाळ रडत होतं. बाईच्या कपाळावर तुझा हात होता आणि तू तिला सांगत होतास, झालं ताई, झालं. मी आलो तर तू केसपेपर माझ्या हातात दिलास. रागावला नाहीस. "सर, निघू?" एवढंच म्हणालास. तुझे डोळे मी पाहिले. असे डोळे पेशंटचे असते तर मी त्याला जिना उतरू दिला नसता. तुला मी म्हणालो, गाडी हळू चालव.

पावणेदहाला मदनवाडीच्या अलीकडे, उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तू मागून गेलास. ब्रेक मारल्याची खूण रस्त्यावर नव्हती, असं पोलीस म्हणाले. लोकांना त्यावरून वाटलं तू प्यायला होतास. ब्रेक मारायला जागं असावं लागतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

तुला आपल्याच हॉस्पिटलात आणलं. तुझ्या डोक्याचा सीटी चालू होता तेव्हा मी वर गेलो आणि रजिस्टर उघडलं. शनिवार रात्री आठ, दानिश बाहेर, विजयसिंह आत. सही केली. रात्रीच्या तिन्ही केसच्या कागदांवर तुझं अक्षर होतं. खाली मी माझी सही केली, म्हणजे भूल मी दिली असं दिसावं; अक्षराकडे कुणी बघणार नाही असं धरून चाललो. हे करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. विभागप्रमुख मॅडमनी दुसऱ्या दिवशी ते पान पाहिलं. मग रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे न बघता राउंडला निघून गेल्या. बाकी सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही विचारलं नाही, कारण प्रत्येकाने कधी ना कधी कुणाला तरी असंच थांबवलेलं आहे.

वॉर्डात तू मला विचारलंस, "सर, मी ड्युटीवर होतो का?" तेव्हा तुझ्या पट्टीतून अजून रक्त येत होतं. मी नाही म्हणालो.

आणि हाताचं. तो भरून येईल असं लिहिलं होतं. फेब्रुवारीतच मी तुझा एमआरआय पाहिला आहे. नसा मणक्यापासूनच तुटल्यात. घशात श्वासाची नळी घालताना लॅरिंगोस्कोप डाव्या हातातच धरावा लागतो, आणि तो हात आता ते करणार नाही. तुला हे कुणी सांगितलंय की नाही मला माहीत नाही. नसेल तर माझ्याकडून कळतंय, याचंही मला वाईट वाटतं.

मी उद्या मॅडमना लेखी देणार आहे. तुझ्या अब्बांना काय सांगायचं आणि कसं, ते तू म्हणशील तसं.

विजयसिंह


बारामती
२१ मे २०२५

दानिश,

तू नसरीनकडून एकच निरोप दिलास, अब्बांसमोर येऊन सांगा. गेल्या रविवारी मी आलो आणि सांगितलं. तू समोर होतास, त्यामुळे ते सगळं पुन्हा लिहीत नाही. तुझा डावा हात मांडीवर कुणीतरी ठेवून गेल्यासारखा पडलेला होता. मी बोलत होतो तेवढा वेळ मी त्या हाताकडेच पाहत होतो, तुझ्याकडे नाही. तू एकदाच बोललास. "अकरा वेळा?" म्हणालास. मी हो म्हणालो. मग तू उठून आत गेलास.

इथलं आधी सांगतो. मॅडमनी माझं पत्र दोनदा वाचलं. "परीक्षा तीन आठवड्यांवर आहे, विजयसिंह. पुन्हा विचार कर," म्हणाल्या. मी म्हणालो, केलाय. माझा परीक्षेचा फॉर्म आता चौकशी होईपर्यंत थांबवला आहे. चौकशी समितीत तिघे आहेत. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं की मानसिक ताणामुळे तुम्हाला नुसतंच असं घडल्यासारखं वाटतंय का, गोळ्या चालू आहेत का. झुंबरमावशी स्वतःहून आत गेली आणि चहाची गोष्ट सांगून आली. तिला अजून काढलेलं नाही. रजिस्टरमध्ये लाल शाईने तुझी खरी वेळ लिहिली गेली. आणि काल भिंतीवर नोटीस लागली, की ड्युटी संपल्यावर रेसिडेंटांनी दुचाकी चालवू नये, चालवल्यास हॉस्पिटल जबाबदार नाही. किती तासांनी ड्युटी संपेल, याबद्दल त्यात काही नाही. तुझ्या जागी मोना नावाची मुलगी आली आहे. काल ती नोटिशीखाली उभ्याउभ्या बिस्कीट खात होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

तू आत गेल्यावर तुझे अब्बा माझ्याबरोबर हायवेपर्यंत चालत आले. मी नको म्हणालो, तरी आले. धरणाचं पाणी फार आत सरकलंय, होड्या चिखलात उभ्या होत्या. अर्ध्या वाटेवर ते थांबले. मग म्हणाले, "चार म्हैनं. चार म्हैनं म्या पोराच्या त्वांडाकडं बघितलं न्हाय. त्यो हात न्हाय म्हणून एका हातानं भाकरी मोडाय बघायचा, आन् म्या उठून जायचो."

मी म्हणालो, "चाचा, मी पाया पडतो."

"पडू नगा. त्यानं मला काय मिळायचंय?"

पळसदेव पाटीवर आलो. एसटीला वेळ होता. त्यांनी मला विचारलं, "आपरेशनच्या टायमाला त्याच्याजवळ कोण व्हतं? त्याच्या अम्मीला मागं घरीच ठिवलं व्हतं, मी बी पोचलो न्हवतो."

मी म्हणालो, "मीच होतो. भूल मीच दिली."

हे तुलाही माहीत नव्हतं. कागदावर मॅडमचं नाव आहे, पण त्या पोचायच्या आत सुरू करावं लागलं, हातातून रक्त थांबत नव्हतं.

"त्याला दुखत व्हतं का? काय बोलला का त्यो?"

मी सांगितलं. अर्धवट शुद्धीत तू माझ्याकडे पाहिलंस. मी मास्क आणला तशी तू मान हलवलीस आणि म्हणालास, "सर, मी झोपलो नव्हतो. नुसते डोळे मिटले होते."

तुझे अब्बा रस्त्याच्या कडेला मातीत खाली बसले. टोपी काढून हातात घेतली. टोपीकडेच बघत त्यांनी विचारलं, "मंग तुमी काय म्हनला?"

"म्हणालो, झोप आता, दानिश."

त्यांनी मान हलवली. "बरं केलं," म्हणाले. "येवढं तरी बरं केलं. पर त्याला हे सांगू नगा. त्याला आठवत न्हाय त्येच बरं."

त्यांनी नको म्हटलेलं असताना मी तुला सांगतोय, कारण तुझ्यापासून काही ठेवायचं नाही असं ठरवलंय. आणि दुसरं कारण असं, की त्यांना मी जे सांगितलं ते खोटं होतं.

'झोप आता' असं मी म्हणालो नाही. तू ते बोललास तेव्हा टेबलाशी ऑर्थोचे सर होते, दोन सिस्टर होत्या. मी आधी त्यांच्याकडे पाहिलं, कुणी ऐकलं का. मग वाकून तुझ्या कानात म्हणालो, "गप. काही बोलू नकोस." तू "बरं सर" म्हणालास. मी मास्क दाबून धरला.

विजयसिंह